ट्रेलर मागे लावला की इथेनॉलचा हिशोब बदलतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात ई२० पेट्रोलवर (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) जी पत्रं छापून येतायत ती मी इथे अमेरिकेत आयोवा राज्यात बसून मोबाईलवर वाचतोय, आणि आज शेवटी लिहायला बसलो कारण त्यात एक बाजू कुणीच मांडत नाहीये. अर्धे लोक म्हणतात इथेनॉलने इंजिनची वाट लागते, अर्धे म्हणतात ऊसवाल्याला चार पैसे मिळतायत तर तुमच्या पोटात का दुखतं. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, घरी थोडी द्राक्षं थोडा ऊस, आणि १४ वर्षं झाली मक्याच्या राज्यात राहतोय, म्हणजे तिकडे उसाचं इथेनॉल आणि इकडे मक्याचं. इथेनॉल बनवण्यात अमेरिकेत आयोवाचा पहिला नंबर आहे. घरापासून पंधरा मिनिटांवर प्लँट आहे, हार्वेस्टच्या दिवसांत मक्याने भरलेल्या सेमी म्हणजे लांबलचक ट्रेलरवाल्या ट्रकची रांग लागते, अगदी आपल्याकडे कारखान्याच्या गव्हाणीपुढे ट्रॅक्टरची लागते तशीच.

मला सांगायचंय ते ओझ्याबद्दल. गाडी रिकामी पळवताना इंधनातला फरक फारसा जाणवत नाही, पण मागे दोन-अडीच टन लावलं आणि पुढे घाट आला की सगळं कळतं, चांगलंही आणि वाईटही. माझ्याकडे शेवरोले सिल्व्हराडो पिकअप आहे, ५.३ लिटरचं व्ही८ इंजिन, फ्लेक्स फ्युएल. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो पिकअप डोळ्यासमोर येते आणि ती डिझेलवर, तिचा ह्या वादाशी संबंध नाही, पण इथे बहुतेक घरगुती पिकअप पेट्रोलवर असतात आणि त्यातल्या काही ई८५ वर (नावाप्रमाणे ८५ टक्के इथेनॉलवर) पण चालतात. फ्लेक्स फ्युएल म्हणजे साधं पेट्रोल, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल किंवा ई८५, टाकीत काहीही टाका, अर्धं हे अर्धं ते टाकलं तरी चालतं, इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः ओळखतो. काही गाड्यांत इंधनाच्या लाईनमध्ये इथेनॉलचा सेन्सर असतो, काहींत सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाज बांधतात. जनरल मोटर्सच्या अशा गाड्यांना टाकीचं पिवळं झाकण असतं, पंपावर ई८५ चा नोझलही बऱ्याचदा पिवळाच असतो, त्यामुळे चूक व्हायचा चान्स कमी.

माझा ट्रेलर म्हणजे सहलीला राहायची चाकांवरची खोली, साधारण २६ फुटी, सामानासकट २,७०० किलो भरतो. दर उन्हाळ्यात आम्ही चौघं तो घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरात जातो, डिलनच्या जलाशयाकाठी. इथून कोलोरॅडोतलं डेन्व्हर शहर साधारण १,१०० किलोमीटर, वाटेत अख्खं नेब्रास्का राज्य आडवं पार करायचं. रस्ता दिसायला टेबलासारखा सपाट पण नेब्रास्कात शिरताना ओमाहाजवळ समुद्रसपाटीपासून १,००० फूट असता आणि डेन्व्हरला पोचता तेव्हा ५,२८० फूट, म्हणजे दिवसभर नकळत चढच चाललेला असतो आणि वरून पश्चिमेचा वारा समोरून. ट्रेलर म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत हो.

पहिल्या वर्षी मला काहीच माहीत नव्हतं. घराजवळ ई८५ गॅलनमागे ८० सेंट स्वस्त दिसलं म्हणून टाकी फुल केली, २६ गॅलन म्हणजे ९८ लिटर, आणि निघालो. गाडीच्या डॅशबोर्डवर किती किलोमीटर जाईल तो आकडा येतो त्यावर विसंबलो, आणि तो आकडा गाडी आधीच्या चालवण्यावरून काढते, आधी आठवडाभर मी रिकामी गाडी ऑफिसला नेत होतो. ओमाहा ओलांडलं आणि आकडा बघता बघता घसरायला लागला, किलोमीटर जातोय एक आणि आकडा कमी होतोय तीनने. मुलं मागे, बाहेर ३५ डिग्री, पुढचा ई८५ चा पंप कुठे ते माहीत नाही आणि साध्या पेट्रोलचा पंप दिसला तर ४५ फुटी धूड आत वळेल की नाही ते माहीत नाही. शेवटी ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपावर साधं ई१० (१० टक्के इथेनॉलवालं) भरलं, फ्लेक्स असल्यामुळे काहीच अडचण आली नाही, पण त्या तासाभरात जो घाम फुटला त्याने मला वही घालायची सवय लावली. तेव्हापासून प्रत्येक भरणं लिहितो, किती लिटर, किती अंतर, मागे ट्रेलर होता का, वारा कुठला.

वहीतले आकडे सांगतो, तुमच्या वाचकांना समजावं म्हणून किलोमीटरमध्ये करून. ट्रेलर नसताना हायवेला ई१० वर लिटरला ८ च्या आसपास. ट्रेलर लावला की ४. आणि ट्रेलर लावून ई८५ वर ३.२. म्हणजे इथेनॉलमुळे साधारण २० टक्के पडतं. हे काही माझ्याच गाडीचं दुखणं नाही, अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने पण ई८५ वर १५ ते २७ टक्के मायलेज कमी मिळतं असंच सांगितलंय. कारण साधं आहे, एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने ऊर्जाच एक तृतीयांशाने कमी असते. आणि ई८५ नाव असलं तरी त्यात दरवेळी ८५ टक्के इथेनॉल नसतं, ऋतू आणि प्रदेश बघून ५१ ते ८३ टक्के असतं, हिवाळ्यात कमी ठेवतात कारण इथेनॉल गारठ्यात नीट वाफ होत नाही आणि उणे वीसमध्ये सकाळी गाडी सुरूच होणार नाही.

आता इथे एक गोष्ट जरा थांबून बघा, मलाही ती वहीवरूनच कळली. टक्का तोच राहतो, रिकामी गाडी असो की ओझ्याची, पण खिशातून जाणारे लिटर सारखे राहत नाहीत. रिकाम्या गाडीला १०० किलोमीटरला ई१० लागतं साडेबारा लिटर, ई८५ लागेल पावणेसोळा, फरक तीन-सव्वातीन लिटरचा. ट्रेलर लावला की ई१० लागतं २५ आणि ई८५ लागतं ३१, फरक सहा लिटरचा. तेवढ्याच अंतराला तेवढ्याच टक्क्याने दुप्पट लिटर. जो माणूस ओझं ओढून पोट भरतो त्याला इथेनॉलचा फरक ऑफिसला एकटा जाणाऱ्या कारवाल्यापेक्षा दुप्पट लागतो, आणि आपल्याकडची सगळी चर्चा कारवाला करतोय.

पंपावरचं गणित इथे लोकांना तोंडपाठ असतं. ई१० तीन डॉलरला असेल तर माझ्या वहीप्रमाणे ई८५ दोन डॉलर चाळीस सेंटच्या खाली असलं तरच परवडतं, वर असलं की साधं भरायचं. ब्राझीलमध्ये तर हा नियम टॅक्सीवाल्यापासून सगळ्यांना माहीत, तिथे पंपावर नुसतं इथेनॉलही मिळतं आणि त्याचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं नाहीतर पेट्रोल. तिकडे २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत आणि साध्या पेट्रोलमध्येसुद्धा ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल घालतात, आणि लोक चालवतायत, कारण गाड्याच तशा बनलेल्या आहेत आणि दोन भाव समोरासमोर लावलेले आहेत.

आता चांगली बाजू, ती पण मनापासून सांगतो कारण इथेनॉलला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांची पत्रं वाचून वाईट वाटतं. डेन्व्हरच्या पुढे आय-७० हायवे जो डोंगरात चढतो तो आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत ११,१५८ फुटांवर नेतो, म्हणजे ९५-१०० किलोमीटरमध्ये जवळजवळ सहा हजार फूट चढ. आपला खंबाटकी एकावर एक किती ठेवायचे ते तुम्हीच मोजा. एवढ्या उंचीवर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद हजार फुटाला तीन टक्क्यांच्या हिशोबाने उतरत जाते, वर पोचेपर्यंत एक तृतीयांश इंजिन गायब झालेलं असतं. मागे २,७०० किलो. पहिल्या वर्षी ई१० वर चढलो तेव्हा गिअर दुसरा-तिसरा करत गाडी कण्हत होती, उन्हाने इंजिन तापलं की नॉकिंग (इंधन अवेळी भडकून ठोके बसणं) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद आणखी कमी होते, ट्रकच्या लेनमध्ये इमर्जन्सी लाईट लावून ६० च्या स्पीडने वर गेलो.

पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या अलीकडे मुद्दाम ई८५ शोधून टाकी भरली. तोच ट्रेलर, तोच जुलै, तोच चढ. गाडी ७०-७२ ने गेली आणि मुख्य म्हणजे एक गिअर वरचा धरून बसली, सारखी खाली-वर करत नव्हती. वाऱ्याचा आणि तापमानाचा थोडा हात असेलही, पण कंपनीचे आकडेच तसे आहेत, २०१४ पासूनच्या ह्या ५.३ इंजिनला साध्या पेट्रोलवर ३५५ हॉर्सपॉवर आणि ई८५ वर ३८० लिहिलेत, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर पण ३८३ वरून ४१६ पाउंड-फूट. ऊर्जा कमी असलेलं इंधन ताकद जास्त कशी देतं असं मला माझ्या पुतण्याने फोनवर विचारलं होतं. तर इथेनॉलचा ऑक्टेन म्हणजे दाब सोसायचा आकडा जास्त, ते दाबाखाली अवेळी भडकत नाही, शिवाय वाफ होताना सिलेंडरमधली उष्णता पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त ओढून घेतं म्हणजे आतली हवा गार पडते, त्यामुळे कॉम्प्युटरला टायमिंग पुढे ठेवता येतं. आणि इंजिन इंधन ओततं पण जास्त, पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग हवा लागते, ई८५ ला साधारण ९.८, म्हणजे तेवढ्याच हवेत दीडपट इंधन जातं. म्हणून ताकद वाढते आणि म्हणूनच टाकी लवकर रिकामी होते, दोन्ही एकाच कारणाने.

त्यामुळे मी आता काय करतो तर सपाटीवर समोरून वारा असेल तेव्हा ई१०, आणि डोंगराच्या पायथ्याशी ई८५. बदलताना टाकी बरीच खाली आणून मग भरतो, थोडं थोडं टॉप-अप करत बसत नाही, आणि भरल्या भरल्या गाडी बंद करून झोपायला न जाता निदान दहा-बारा किलोमीटर चालवतो म्हणजे कॉम्प्युटरला नवीन इंधन कळतं, मॅन्युअलमध्येच तसं सांगितलेलं असतं. आणि डोंगराळ राज्यांत पंपावर ८५ ऑक्टेनचं साधं पेट्रोल असतं, ते आणि ई८५ ह्यात नवखा माणूस हमखास गोंधळतो, दोन्हीकडे ८५ लिहिलेलं! एक ऑक्टेन आहे, दुसरं इथेनॉलचा टक्का. ते ८५ ऑक्टेनचं ट्रेलर ओढताना मी अजिबात भरत नाही, ८७ तर ८७, चार पैसे गेले तरी चालतील. टर्बोवाल्या पिकअपला तर फोर्ड स्वतः मॅन्युअलमध्ये म्हणते की उन्हाळ्यात आणि ट्रेलर ओढताना ९१ किंवा वरचं प्रीमियम घाला.

आमच्या मराठी मंडळातल्या एकाची पिकअप फ्लेक्स नव्हती. दिसायला सेम, इंजिनपण व्ही८, त्याला वाटलं चालेल. ई८५ भरलं, बोट मागे लावली आणि निघाला, पहिल्या पन्नास किलोमीटरात काही झालं नाही आणि मग चढावर चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी धक्के द्यायला लागली. स्कॅनर लावला तर मिश्रण फार लीन (हवा जास्त, इंधन कमी) असा कोड, म्हणजे इंजेक्टर पूर्ण उघडले तरी जेवढं इंधन लागतं तेवढं जातच नव्हतं. ओझं असताना लीन चालणं हे सगळ्यात वाईट, आतलं तापमान वाढतं. वेळेवर थांबला आणि टाकी काढून रिकामी केली म्हणून निभावलं. तेव्हा गाडीने सोसलं म्हणजे गाडीला मानवलं असं कुणी समजू नये, रिकाम्या गाडीत ते महिनोन्महिने कळणार पण नाही.

आणि आता माझी स्वतःची चूक, जिच्यामुळे मी हे पत्र खरं तर लिहितोय. ट्रेलरला लाईट आणि एसीसाठी एक छोटा जनरेटर आहे, कार्बोरेटरवाला. एकदा घाईत पिकअप भरता भरता त्याच नोझलने जनरेटरचा लाल कॅनपण भरला. रात्री जंगलातल्या कॅम्पवर जनरेटर सुरू झाला, हुंदके दिल्यासारखा वर-खाली वर-खाली करत राहिला आणि बंद पडला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. कार्बोरेटरला कुठला कॉम्प्युटर, त्याचं जेटचं भोक ठरलेलं, जेवढं जातं तेवढंच जातं, त्याला काय कळणार आत काय ओतलंय. मुलं रात्रभर उकाड्यात जागी. परत आल्यावर मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून दाखवला, रबराची गॅस्केट फुगून वाकडी झालेली. इथे कायद्यानेच २००१ च्या आधीच्या गाड्या, मोटरसायकली, बोटी, जनरेटर, गवत कापायची यंत्रं ह्यात ई१५ सुद्धा घालायला मनाई आहे, ई८५ तर लांबच. पंपावर नारिंगी-निळं स्टिकर असतं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी ते शंभरदा पाहिलं होतं आणि वाचलं नव्हतं.

म्हणून आता महाराष्ट्राकडे येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ज्या चारचाकी मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवल्या आणि ई१० ला ट्यून केल्या त्यांचं ई२० वर मायलेज ६-७ टक्के पडेल, आणि ज्या ई१० साठी बनवून ई२० ला ट्यून केल्या त्यांचं १-२ टक्के. म्हणजे गाडी कुठली ह्यावर सगळं आहे. वेळापत्रक पण असं ठरलं होतं की एप्रिल २०२३ पासून गाड्यांचे पार्ट ई२० सोसणारे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिन ई२० ला ट्यून केलेली. त्याच्या आधीची जी लाखो वाहनं रस्त्यावर आहेत त्यांच्यासाठी बहुतेक पंपांवर दुसरा नोझल नाही. २०१४ ला दीड टक्का मिश्रण होतं, २०२२ ला १० झालं, आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं, एवढी घाई साखर कारखान्यांच्या आणि परकीय चलनाच्या दृष्टीने समजू शकतो, माझ्या घरचाच ऊस जातो. सुप्रीम कोर्टाने पण सप्टेंबर २०२५ मध्ये बिनइथेनॉलच्या पेट्रोलची सोय ठेवा म्हणणारी याचिका फेटाळली. ठीक आहे, ई२० राहणार हे मी धरूनच चालतो.

पण मग ओझं ओढणाऱ्याला नीट माहिती तरी द्या ना. टाटा एस पेट्रोल, सुपर कॅरी पेट्रोल ह्या छोट्या गाड्या भाजी मार्केटला, दूध संकलनाला, मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे दिवसभर भरून चालतात, कागदावर जेवढं लिहिलंय त्यापेक्षा जास्तच भरून चालतात हे आपण सगळे जाणतो. त्या माणसाला कुणी सांगितलंय का की तुझं मॉडेल अमुक सालचं आहे, तुला ई२० वर इतका फरक पडेल, घाटात भरलेली गाडी धक्के द्यायला लागली तर लगेच इंधनाचा फिल्टर आणि पंप बघ? त्याचं लिटरमागे एक किलोमीटर गेलं तर महिन्याच्या हप्त्यात फरक पडतो. आणि मिश्रण दुप्पट झालं तरी पंपावरचा दर त्या हिशोबाने उतरलेला त्याला दिसत नाही. इथे आयोवात ऊर्जा कमी म्हणून दर कमी, बोर्डावर शेजारी शेजारी, घ्यायचं तर घे नाहीतर सोड. मला वाटतं शेतकऱ्याचं भलं आणि गाडीवाल्याचा हिशोब हे दोन्ही एका बोर्डावर बसू शकतात, मी रोज बघतो ते.

सगळ्यात जास्त काळजी मात्र मला छोट्या इंजिनांची आहे आणि त्यावर एकही पत्र तुमच्याकडे आलेलं मी पाहिलं नाही. आमच्या भागात प्रत्येक बागायतदाराकडे पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप असतो, ग्रास कटर असतो, एखादं छोटं पेट्रोल इंजिन पाणी उपसायला असतं. ही सगळी कार्बोरेटरवाली, बरीचशी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारी. त्यांना पण आता तेच ई२०, कारण गावाकडे दुसरं सहसा मिळतच नाही. आणि ही यंत्रं रोज चालत नाहीत, छाटणीनंतर पंधरा दिवस फवारणी जोरात, मग महिनाभर शेडमध्ये पडून, प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल तसंच, झाकण अर्धवट, बाहेर जून-जुलैचा पाऊस. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि यंत्राची नळी तळातूनच इंधन ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर वंगणाचं ऑईल वर पेट्रोलबरोबर राहतं आणि आत जातं ते बिनऑईलचं. पिस्टन किती वेळ टिकणार?

इथे हिवाळ्यात यंत्र ठेवून देताना काय करतात तर टाकी रिकामी करतात आणि मग कार्बोरेटरमधलं उरलेलं संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, कार्बोरेटर कोरडा करून ठेवतात. पेट्रोल दोन-चार आठवड्यांचंच आणतात, धातूच्या किंवा घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. ह्याला एक रुपया लागत नाही. कृषी सहायकाने गावात एका बैठकीत पाच मिनिटं सांगितलं तर शेकडो पंप वाचतील. कृषी सेवा केंद्रात पंप विकताना त्यावर मराठीत एक स्टिकर लावता येईल, इथल्या त्या नारिंगी स्टिकरसारखं, फक्त मोठ्या अक्षरात आणि दुकानदाराने वाचून दाखवायचं. कंपन्यांच्या पुस्तिकेत असेलही, पण ती इंग्रजी-हिंदीत आणि पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर जाते.

जाता जाता एक, माझ्या पिकअपची टाकी ई८५ ने एकदा भरायची म्हणजे त्यातलं अठरा गॅलन इथेनॉल धरलं तर जवळजवळ १६० किलो मका लागतो. माझ्या शेजारच्या शेतकरी आजोबांनी हा हिशोब मला ट्रॅक्टरच्या काचेवर बोटाने लिहून दाखवला होता, त्यात सोबत निघणारं पशुखाद्य पण त्यांनी धरलं होतं. त्यांना त्याचा अभिमान आहे आणि मला तो पटतो. म्हणूनच ते इंधन चुकीच्या टाकीत जाऊन बदनाम होऊ नये असं वाटतं, मका असो की ऊस.

तुम्ही तुमच्या रविवारच्या पानावर एक तक्ता छापलात तर फार उपकार होतील, कुठल्या सालच्या कुठल्या पेट्रोल मालवाहू गाडीला ई२० चालतं आणि कुठल्याला काय बदलावं लागतं, कंपन्यांकडून लेखी मागवून. आणि त्याच पानावर खाली फवारणी पंप आणि ग्रास कटर ठेवून देण्याची पद्धत. पत्रासोबत एक फोटो पाठवतोय, माझ्या थोरल्या भावाने गेल्या आठवड्यात तासगावहून पाठवला. त्याचा फवारणी पंप ह्या हंगामात तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा त्याने कॅनमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेवलं. तळाशी दोन बोटं जाडीचा वेगळा थर दिसतोय तो नीट बघा, जमलं तर छापा.

आपला,
एक वाचक
एम्स, आयोवा (मूळ गाव तासगाव तालुका, जि. सांगली)